गेम खेळताना लॅपटॉप तापतो? आधी मोजा, मग उघडा

जानेवारीत जो गेम खेळताना सीपीयू (मुख्य प्रोसेसर) ८२ अंशांवर स्थिर असायचा, तोच गेम त्याच सेटिंगवर मे महिन्यात ९७ दाखवतो. लॅपटॉप बिघडला असेलच असं नाही. फॅन खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश चिपही वर जाते. खोली २५ वर असताना ८२, तर खोली ४० वर गेल्यावर ९७. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाहेर ४४-४५ अंश असतात. त्यात गेमिंग लॅपटॉप दीड-दोनशे वॅट वीज खातो आणि जवळपास ती सगळी उष्णता होऊन त्याच बंद खोलीत साठते.

तरीही पहिलं काम कूलिंग पॅड मागवणं हे नाही. उष्णता नक्की कुठे अडते आहे ते आधी शोधायचं. शक्यता चारच: चिप गरजेपेक्षा जास्त वीज खाते आहे, चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत (ती उष्णता घेऊन हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागापर्यंत) पोचत नाही, हीटसिंकची उष्णता बाहेर पडत नाही, किंवा आत येणारी हवाच गरम आहे. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. जागा चुकली तर पैसे जातात आणि तापमान तिथल्या तिथेच राहतं.

## किती तापलं तर काळजी करायची

इंटेलच्या एच मालिकेतल्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५. एनव्हिडियाचे लॅपटॉप जीपीयू (ग्राफिक्सच्या चिप) बहुधा ८७ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आवरायला लागतात. गेम चालू असताना सीपीयू ८५-९० आणि जीपीयू ७५-८२ दिसत असेल तर लॅपटॉप त्याचं काम नीट करतो आहे, त्याला त्रास देऊ नका. सीपीयू सतत ९५ च्या वर आणि त्याच वेळी वेग घसरतो आहे, गेम दर काही सेकंदांनी अडखळतो आहे, किंवा खेळता खेळता लॅपटॉप थेट बंद पडतो आहे, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

## मोजणी

एचडब्ल्यूइन्फो ६४ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. रकाने चार असतात: सध्याचं, किमान, कमाल आणि सरासरी मूल्य. गेम सुरू करा, रोज जिथे खेळता तसाच एखादा भाग निवडा आणि सलग २० मिनिटं खेळा. पाच मिनिटांची चाचणी फसवी असते, कारण हीटसिंक, बॉडी आणि खालचं टेबल पूर्ण तापायला १०-१५ मिनिटं जातात. खोलीचं तापमानही कागदावर लिहून ठेवा. ते नसेल तर आजचे आकडे आणि पुढच्या आठवड्याचे आकडे यांची तुलनाच करता येत नाही.

आता आकडे वाचू. गेम सुरू होताच काही सेकंदांत सीपीयू ९५ गाठतो, गेम बंद करताच तितक्याच झपाट्याने खाली येतो, आणि बाहेर पडणारी हवा मात्र कोमटच लागते. म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यात नीट संपर्क नाही. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंकचे स्क्रू सैल आहेत. याउलट तापमान १०-१५ मिनिटांत हळूहळू चढत गेलं, फॅन ओरडतोय पण झरोक्यापुढे हात धरला तर हवेचा जोर लागत नाही, तर धूळ अडकली आहे.

सीपीयूच्या एका कोअरचं तापमान इतर कोअरपेक्षा सतत १५-२० अंश जास्त असेल तर पेस्ट एका बाजूने सरकली आहे किंवा हीटसिंक तिरका बसला आहे. जीपीयूसाठी ‘हॉट स्पॉट’ (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ही ओळ बघा. नेहमीच्या तापमानापेक्षा ती १०-१५ अंश वर असणं सामान्य आहे, फरक २५-३० च्या पुढे गेला की पेस्ट बदलायची वेळ झाली. फॅनचा वेग दिसत असेल तर दोन्ही फॅन फिरताहेत ना तेही तपासा. एक फॅन शून्यावर अडकला असेल तर बाकी काहीच करून उपयोग नाही, तो फॅनच बदलावा लागतो. फॅनच्या लेबलवर पार्ट नंबर छापलेला असतो. डावा आणि उजवा वेगवेगळे असतात, मागवताना नंबर जुळवून घ्या.

आणि तापमान ठीक असूनही गेम अडखळत असेल तर दोष उष्णतेचा नाही. १८० किंवा २३० वॅटच्या मूळ अडॅप्टरऐवजी ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला की नेमकं हेच होतं.

## स्क्रू न उघडता

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे फ्रेमला मर्यादा घालणं. स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारी, आणि गेम सेकंदाला १४० फ्रेम बनवतोय, तर वरच्या ८० फ्रेम डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यांची उष्णता मात्र पूर्ण मिळते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ असतो, तिथे ६० करा. १४४ हर्ट्झची स्क्रीन असेल तर गोष्टीप्रधान गेमला ७५-९० पुरतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये जास्त फ्रेम खरोखर उपयोगी पडतात, तिथे १४१ ठेवा, पण मर्यादाच नाही असं नको. मेनू आणि लॉबीची मर्यादा वेगळी असते तीही लावा, कारण मेनूत काम हलकं असल्यामुळे फ्रेम शेकड्यांत जातात. २०२१ च्या जुलैत न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटा चाचणीत आरटीएक्स ३०९० ची काही ग्राफिक्स कार्डं चक्क मेली. ती बनवणाऱ्या ईव्हीजीएने पुढे सोल्डरिंगमधला दोष मान्य केला, पण गेमवाल्यांनीही मेनूतल्या फ्रेमना लगाम घातला.

दुसरा उपाय सीपीयूचा टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणं, रोखणं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि त्यात ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’. तो १०० चा ९९ टक्के करा. एका टक्क्याचा बदल दिसतो, पण त्याने टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगावर येतो. रायझन ५ ५६००एच ४.२ गिगाहर्ट्झवरून ३.३ वर येईल, कोअर आय७ १२७००एच ४.७ वरून २.३ च्या आसपास. बहुतेक गेमिंग लॅपटॉपवर सीपीयू १० ते २० अंश उतरतो. जीपीयूवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम फारशा कमी होत नाहीत. लॅपटॉपवर मोबाइल गेम चालवणारे एम्युलेटर, मोठ्या शहरांचे ओपन वर्ल्ड गेम आणि स्पर्धात्मक शूटर यांत मात्र फरक जाणवतो. तिथे हा उपाय सोडा आणि लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधून मधला मोड घ्या. लेनोव्हो लीजनवर एफएन आणि क्यू दाबून मोड बदलतो आणि पॉवर बटणाचा दिवा सांगतो: निळा म्हणजे शांत, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे पूर्ण ताकद. एसरमध्ये नायट्रोसेन्स, आसूसमध्ये आर्मरी क्रेट, एचपीत ओमेन गेमिंग हब. उन्हाळ्यात लाल मोड लावून थ्रॉटल होणाऱ्या, म्हणजे तापून वेग आवरणाऱ्या, लॅपटॉपपेक्षा पांढऱ्या मोडमधला लॅपटॉप जास्त एकसारख्या फ्रेम देतो.

तिसरा उपाय जीपीयूचं अंडरव्होल्टिंग. तेवढाच वेग, पण कमी व्होल्टेजवर. एमएसआय आफ्टरबर्नर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख समोर येईल. आरटीएक्स ३० मालिकेच्या लॅपटॉप कार्डासाठी ८५० मिलिव्होल्टचा बिंदू पकडून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत वर न्या. मग शिफ्ट दाबून त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू निवडा, १७०० च्या खाली ओढा आणि अप्लाय करा. त्या बिंदूपुढे आलेख सपाट होईल, म्हणजे कार्ड ८५० मिलिव्होल्टच्या वर जाणारच नाही. आता तासभर खेळून बघा. गेम बंद पडला किंवा स्क्रीनवर रंगीत ठिपके आले तर १७०० चे १६५० करा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे चालतीलच असं नाही. काही दिवस सगळं व्यवस्थित चालेपर्यंत ‘स्टार्टअपला लागू करा’ हे बटण दाबू नका.

इंटेल सीपीयूचं अंडरव्होल्टिंग थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून व्हायचं. २०१९ साली प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी बायोसमधूनच (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) ही सोय बंद केली. तुमच्या लॅपटॉपवर पर्याय फिका दिसत असेल तर त्यासाठी जुना बायोस टाकायचा खटाटोप करू नका. टर्बो रोखून तेच काम होतं.

## हवा

बहुतेक गेमिंग लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि मागून-बाजूने फेकतात. म्हणून गादी, उशी, गोधडी, मांडी नको. टेबलावर मऊ प्लास्टिकचं कापड असेल तर तेही काढा, ते ओढलं जाऊन झरोक्यालाच चिकटतं. मागच्या दोन पायांखाली २-३ सेंटिमीटर उंचीचे लाकडी तुकडे ठेवले तरी फरक दिसतो. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, नाहीतर बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा खाली ओढली जाते. कूलिंग पॅडचा क्रम यानंतर. साध्या जाळीचा आणि बारक्या पंख्यांचा पॅड मुख्यतः उंचीचंच काम करतो. लॅपटॉपच्या कडेला स्पंज लागून हवा कोंडून आत ढकलणारे पॅड खरा फरक पाडतात, पण त्यांचा आवाज मोठा असतो आणि धूळही तितक्याच जोराने आत जाते. त्यांची फिल्टरची जाळी दर आठवड्याला काढून धुवा.

विदर्भ-मराठवाड्यात कूलर असतो. खोली गार करायला तो उत्तम, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको. झोताबरोबर पाण्याचे बारीक कण येतात, आणि बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार आत बसतात. कूलर खिडकीत, लॅपटॉप त्याच्या वाऱ्याच्या आडवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी. एसीच्या खोलीत चालू लॅपटॉपवर दव साचत नाही, कारण तो खोलीपेक्षा गरमच असतो. उलटा प्रवास धोक्याचा: थंड एसी खोलीतला बंद लॅपटॉप कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणून लगेच चालू करू नका, अर्धा तास बॅगेतच राहू द्या. फ्रीजमध्ये ठेवणं, खाली बर्फाची पिशवी, ओलं फडकं हे तर कधीच नको.

## धूळ काढणं

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. वॉरंटी संपली असेल तर हे घरी करता येतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा. खालचे स्क्रू फिलिप्स शून्य नंबरच्या पेचकसाने काढा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो मदरबोर्डपर्यंत पोचतो. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

खरी घाण वरून दिसत नाही. फॅनची पाती आणि तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी यांच्या फटीत, आतल्या बाजूला, धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. त्यात गोधडीचा कापूस असतो, केस असतात, आणि स्वयंपाकघराच्या जवळच्या खोलीत फोडणीचा धूर व उदबत्तीचं तेलकट काजळ मिसळून तो चिकट झालेला असतो. बाहेरून झरोक्यात ब्लोअर मारला तर हा थर निघत नाही, फक्त मागे सरकून पुन्हा तिथेच येतो. फॅनचे दोन-तीन स्क्रू काढून फॅन उचला, थर चिमट्याने सबंध काढा, मग मऊ ब्रशने पाती पुसा. ब्लोअर वापरणार असाल तर पाती बोटाने धरूनच. मोकळी सोडली की वाऱ्याच्या जोराने भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. रस्त्याकडेचं घर किंवा शेजारी बांधकाम असेल तर हे दर तीन-चार महिन्यांनी करा, एरवी वर्षातून दोनदा, त्यातलं एक मार्चमध्ये.

## पेस्ट

मोजणीत संपर्काचा दोष दिसला तरच याला हात घाला. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा एमएक्स-६ ची चार ग्रॅमची नळी अनेकदा पुरते. लॅपटॉपसाठी आमची पसंती पेस्टऐवजी लावायच्या हनीवेलच्या पीटीएम७९५० या पातळ पट्टीला आहे. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होते आणि फटी भरते, शिवाय तापून-थंड होऊन बाहेर सरकत नाही. लॅपटॉपमध्ये पातळ पेस्ट वर्षभरातच कडेला ढकलली जाते ही नेहमीची तक्रार आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत विचारणा करता येईल, पण फारच स्वस्त मिळालं तर माल बनावट असण्याची शक्यता धरा.

काम सुरू करण्याआधी लॅपटॉप पाच मिनिटं चालवा, जुनी पेस्ट मऊ होते. मग तो बंद करून बॅटरीचा कनेक्टर काढा. हीटसिंकच्या स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येक अर्धा वेढा, असं फिरत फिरत सोडवा. हीटसिंक सरळ उपटू नका, किंचित डावी-उजवीकडे हलवून सुटा करा. खाली चकचकीत, पाऱ्यासारखी चांदीरंगी पेस्ट दिसली तर तिथेच थांबा. ते लिक्विड मेटल आहे, काही आसूस लॅपटॉपमध्ये कंपनीच लावते. ते वीजवाहक आहे, एक थेंब बोर्डावर पडला तर बोर्ड जाऊ शकतो, आणि अॅल्युमिनियम ते खातं. असं मशीन जाणकाराकडेच द्या.

साधी पेस्ट असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायच्या कापडाने चिप आणि तांबं दोन्ही आरशासारखं होईपर्यंत पुसा. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, त्यामुळे मध्ये एक ठिपका ठेवून चालत नाही. चिपचा पूर्ण पृष्ठभाग, कोपऱ्यांसकट, पातळ थराने झाकायचा. हीटसिंक बसवताना १-२-३-४ या क्रमाने, आधी सगळे हलके, मग दुसऱ्या फेरीत घट्ट. स्क्रू टेकला की थांबा.

पेस्ट नवी लावूनही तापमान आधीपेक्षा वाढलं, असं बऱ्याचदा होतं. कारण जवळपास नेहमी थर्मल पॅड असतात. मेमरीवर आणि व्होल्टेजच्या भागांवर बसणारे हे मऊ पॅड ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटर जाडीचे असतात. फाटलेल्या ०.५ च्या जागी दुकानदाराने १ चा दिला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि पेस्ट कितीही महाग असली तरी संपर्कच होत नाही. जुना पॅड न दबलेल्या कडेला मोजा. जाडीची खात्री नसेल तर पॅडऐवजी कणकेसारखी मऊ थर्मल पुटी वापरा, ती दाबली जाते तेवढीच उरते.

## डेस्कटॉप असेल तर

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून २० मिनिटं खेळा. तापमान ५-७ अंशांहून जास्त उतरलं तर दोष हवेच्या वाटेत आहे: पुढे बंद काच, किंवा पंखे उलटे. पंख्याच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या काड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. पुढून दोन आत, मागून एक बाहेर, एवढं बहुतेकांना पुरतं. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर ते आधी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. झाकण काढून काहीच फरक पडला नाही तर सीपीयूचा कूलर बघा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार खिट्यांपैकी एक नीट बसलेली नसणं फार वेळा आढळतं. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यांचा ९५ पाहून घाबरू नका. बायोसमधला कमी विजेचा इको मोड लावला की ते बरेच खाली येतात.

## बॅटरी

गेम खेळताना अडॅप्टर लागलेलाच असतो. तापलेली आणि सतत १०० टक्के भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० किंवा ६० टक्क्यांवर ठेवा. अडॅप्टरही जमिनीवर मोकळा ठेवा, पांघरुणाखाली नाही.

टचपॅड वर आल्यासारखा वाटला, दाबला जाईना, किंवा खालचं झाकण फुगून लॅपटॉप टेबलावर डुलायला लागला तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी लॅपटॉप बंद करा, चार्जिंग काढा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. ती काढून घ्यायला जाणकाराकडे न्या, नवी त्याच पार्ट नंबरची टाका, आणि जुनी कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.